गडगा वेगळा, सारवण वेगळं

परिमिती म्हणजे खळ्याभोवतीचा गडगा आणि क्षेत्रफळ म्हणजे खळ्याचं सारवण. गवंडी गडग्याचा हिशेब रनिंग फुटात सांगतो, लादीचा चौरस फुटात. पोरांना मात्र दोन्ही सूत्रं एकापाठोपाठ पाठ करावी लागतात आणि मग गुणायचं की बेरीज करायची, इथेच गाडी अडते.

मे महिन्यात मुंबईहून आलेल्या भाचीला पडवीत बारा चौकोनी ठोकळे दिले. आधी सगळे एका रांगेत, मग सहा-सहाच्या दोन रांगा, मग चार-चारच्या तीन. दर वेळी भोवती सुंभ फिरवून बाहेरच्या कडा मोजायच्या. 26, 16, 14. "मामा, ठोकळे तर बाराच आहेत!" म्हणून तिने पुन्हा मोजले.

खरा घोळ पुढेच झाला. तिला पाच बाय पाचचा गुरांचा वाडा बांधायचा होता. चार बाजू, प्रत्येकी पाच, म्हणून वीस ठोकळे काढले. वाडा पुरा झाला आणि चार हातात उरले. कोपऱ्याचा ठोकळा दोन्ही बाजूंत मोजला गेला होता, लागले सोळाच. पण बाहेरून सुंभ फिरवला तर कडा वीसच! परिमिती ठोकळे मोजून मिळत नाही, कडा मोजून मिळते. हे तिला कळायला अर्धा तास लागला, आणि उत्तर सांगून टाकायचा मोह आवरताना माझाच जीव गेला.

लेगोतही हीच फसगत आहे. दोन बाय चारच्या विटेवर आठ टेंगळं असतात. क्षेत्रफळ आठ, हे बरोबर. पण आठही टेंगळं काठावरचीच, म्हणून पोर परिमितीही आठ सांगतं. ती आहे बारा. चार बाय चारचा चौकोन तर सुरुवातीला देऊच नये, दोन्हीचं उत्तर 16 येतं.

विकतचे ठोकळे हवेतच असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही आसपास मिळणाऱ्या वस्तू हाताशी घेऊन. फक्त काजूच्या बिया मोजणीला चालतात, क्षेत्रफळाला नाहीत; मध्ये फटी राहतात. भाचीने एकच ताट दोनदा भरून पाहिलं. एकदा बिया उरल्या, एकदा कमी पडल्या.