स्वयंसेवी संगणनासाठी ॲक्सिलरेटर कार्ड (खानदेशातल्या वापरासह)

घरचा कॉम्प्युटर रिकामा असतो तेव्हा त्याची ताकद एखाद्या वैज्ञानिक प्रोजेक्टला फुकट द्यायची याला स्वयंसेवी वितरित संगणन म्हणतात, आणि हे काम मेन प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डवर, एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) किंवा एकाच कामासाठी बनवलेल्या चिपवर चालवलं की ते ॲक्सिलरेटरवालं संगणन. सर्व्हर मोठ्या गणिताचे छोटे तुकडे पाडतो, त्याला वर्क युनिट म्हणतात, तुकडा आपल्याकडे डाउनलोड होतो आणि सुटला की उत्तर आपोआप परत जातं. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये तोच तुकडा आणखी एका मशीनला देतात, दोन्ही उत्तरं जुळली तरच ते धरतात, कारण जास्त तापलेलं किंवा ओव्हरक्लॉक केलेलं (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलेलं) कार्ड चुकीचं उत्तरसुद्धा काही न बोलता पाठवून देतं.

खास हार्डवेअर यात फार आधीपासून आहे. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने १९९८ मध्ये डीईएस हा माहिती गुप्त ठेवायचा कोड फोडायला १,८५६ चिपांचं 'डीप क्रॅक' मशीन बनवलं, आणि जानेवारी १९९९ मध्ये तेच मशीन आणि डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट या स्वयंसेवी प्रोजेक्टचे जगभरातले कॉम्प्युटर एकत्र लागले तेव्हा कोड २२ तास १५ मिनिटांत फुटला. ग्राफिक्स कार्डाचा जमाना नंतरचा. फोल्डिंग ॲट होम हा प्रोटीनच्या घड्यांचा प्रोजेक्ट २००० साली स्टॅनफर्डला सुरू झाला, २००६ मध्ये त्याने एटीआय कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांसाठी प्रोग्राम काढला, २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ पण जोडला, आणि एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या काळात लोकांनी इतकी मशीनं लावली की एकूण वेग २.४ एक्साफ्लॉप्सवर (एक एक्साफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं) गेला, म्हणजे तेव्हाचा कुठलाही एकटा सुपरकॉम्प्युटर जवळपाससुद्धा नव्हता. त्याच वर्षी आइन्स्टाइन ॲट होम या प्रोजेक्टवर लोकांच्याच ग्राफिक्स कार्डांनी फर्मी या अवकाशातल्या दुर्बिणीच्या डेटातून जे१६५३-०१५८ हा पल्सार (वेगाने फिरणारा मृत तारा) शोधला, त्याचा जोडीदार फक्त ७५ मिनिटांत त्याच्याभोवती चक्कर मारतो. मला हे फार मोठं वाटतं, कोणाच्या तरी घरातल्या गेमिंगच्या कार्डाने तारा सापडतो!

आता मुद्द्याचं, कार्ड महाग आहे म्हणून ते प्रत्येक कामाला चांगलं असं अजिबात नाही. ग्राफिक्स कार्डात हजारो छोटे कोर एकाच वेळी एकसारखं काम करतात, त्यामुळे ज्या गणिताचे असे समांतर भाग पडतात तेच त्याला मानवतं. दुसरी गोष्ट अचूकतेची. गेमिंग कार्डाला ३२ बिटचं, म्हणजे कमी अंक धरणारं, गणित सुसाट जमतं पण ६४ बिटच्या, म्हणजे जास्त अचूक, दशांश गणितात एनव्हिडियाच्या अलीकडच्या गेमिंग कार्डांचा वेग त्याच्या बत्तिसाव्या किंवा चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. फोल्डिंगचं बहुतेक काम ३२ बिटमध्ये भागतं म्हणून तिथे साधं कार्डही चमकतं. जिम्प्स हा मर्सेन प्राइम (दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणारी मूळ संख्या) शोधणारा प्रोजेक्ट १९९६ पासून आहे, त्याच्या मुख्य टेस्टला ६४ बिट लागतं, म्हणून तिथे २०१९ चं रेडियॉन ७ सारखं कार्ड लोक अजून जपून ठेवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेला ४,१०,२४,३२० अंकी प्राइम हा ग्राफिक्स प्रोसेसरवर सापडलेला पहिला मर्सेन प्राइम, पण तो डेटासेंटरच्या ए१०० या महागड्या कार्डावर सापडला. अर्थात जिम्प्समध्येच संख्येला भाग जाणारे लहान अवयव शोधायचं काम पूर्णांकांचं असतं, ते साध्या कार्डावर मस्त चालतं.

बिटकॉइनचा एसिक (एकाच कामासाठी बनवलेली चिप) मायनर मात्र इथे काहीच कामाचा नाही, तो एसएचए-२५६ हा बिटकॉइनला लागणारा एकच हिशेब सोडून दुसरं काही करूच शकत नाही, केळीचे वेफर पाडायच्या मशीनवर पोळी लाटता येत नाही तसंच. नवीन लॅपटॉपमधला एनपीयू पण ८-१६ बिटच्या एआयच्या कामासाठी असतो, या प्रोजेक्टांना त्याचा फारसा उपयोग नाही.

खानदेशात खरा प्रश्न ऊन आणि वीजबिल. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, खोलीच ४० ला असेल तर कार्ड ८०-८५ अंशाला टेकतं आणि स्वतःच स्पीड कमी करतं, मग वीज जळते पण काम सरकत नाही. पाण्याचा कूलर कॅबिनेटसमोर लावू नये, ओलसर हवा आणि धूळ मिळून फॅनवर थर बसतो. २०० वॅटचं कार्ड दिवसरात्र चाललं तर रोज ४.८ युनिट, ३० दिवसांत १४४, आणि घराचा नेहमीचा वापर त्यात मिळवला की महावितरणचा १००, ३०० चा स्लॅब ओलांडला जातो, वरच्या युनिटांचा दर जास्त, तेव्हा घरच्यांना आधी विचारलेलं बरं. छतावर सोलर असेल आणि युनिट उरत असतील तर गोष्ट वेगळी. कार्डाचं पॉवर लिमिट (किती वीज ओढायची ती मर्यादा) ७० टक्क्यांच्या आसपास आणलं तर वेग थोडाच घटतो आणि उष्णता बरीच कमी होते, हे मी प्रत्येकाला सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर होणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झाल्यावर सेकंडहँड कार्डं स्वस्तात आली, त्यातलं घ्यायचं तर फॅन फिरतात का बघा, थर्मल पेस्ट बदला आणि एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) चांगला लावा.

लाईट गेली तरी घाबरायचं कारण नाही, प्रोग्राम अधूनमधून चेकपॉइंट, म्हणजे काम कुठवर आलं ती नोंद, लिहून ठेवतात आणि लाईट आल्यावर तिथूनच पुढे सुरू होतात, फक्त व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात यूपीएस हवाच. बॉइंक या असे प्रोजेक्ट चालवायच्या प्रोग्राममध्ये वेळ ठरवता येते, उन्हाळ्यात रात्री ११ ते सकाळी ७ एवढंच ठेवावं, आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याची थंडी पडली की दिवसभर मोकळं सोडावं.