झेनगा

झेनगा : जपानमधील झेन भिक्षूंनी शाई आणि कुंचल्याने काढलेली चित्रे व सुलेखने. ‘गा’ म्हणजे चित्र. यांतली बहुतेक एदो काळातली (१६०३–१८६८) आहेत. ती काढणारे पेशाने चित्रकार नव्हते. ते मठांतले गुरू होते आणि त्यांतल्या अनेकांनी मन लावून कुंचला हाती घेतला तो उतारवयात. चित्र शिष्याला द्यायचे, दाराशी आलेल्या शेतकऱ्याला द्यायचे, एखाद्या सामुराईला चार शब्द सुनवायचे असले तर त्यावर लिहून द्यायचे, असा सगळा मामला. ‘झेनगा’ हा शब्द मात्र विसाव्या शतकात रूढ झाला. ज्यांची नावे आज या प्रकाराशी जोडली जातात, त्यांना आपण ‘झेनगा’ नावाचे काही करतो आहोत याची कल्पनाही नव्हती.

झेन या शब्दाचे मूळ मराठी वाचकाला परके नाही. संस्कृत ‘ध्यान’, पाली ‘झान’, चिनी ‘चान’ आणि जपानी ‘झेन’ असा त्याचा प्रवास. परंपरा या पंथाचे श्रेय दक्षिण भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्माला देते; जपानीत तो ‘दारुमा’. जपानमध्ये एइसाइ (११४१–१२१५) याने रिंझाइ आणि दोगेन (१२००–१२५३) याने सोतो ही शाखा रुजवली. दोन्हींचा कणा म्हणजे ‘झाझेन’, बसून केलेले ध्यान. गोल उशीवर मांडी घालून पाठ ताठ ठेवायची, डोळे मिटायचे नाहीत, अर्धे उघडे ठेवायचे. सोतोत भिंतीकडे तोंड करून बसतात, रिंझाइत खोलीच्या आतल्या बाजूला. नवख्याला श्वास एक ते दहा मोजायला सांगतात. आकडा चुकला की पुन्हा एकपासून. पेंगणाऱ्याच्या खांद्यावर ‘क्योसाकु’ नावाची चपटी काठी बसते. रिंझाइत याच्या जोडीला ‘कोआन’ असतो, म्हणजे तर्काने न सुटणारा प्रश्न, आणि त्याचे उत्तर गुरूसमोर एकट्याने जाऊन द्यावे लागते.

या साधनेला कुणी ‘आत्मभान’, म्हणजे स्वतःची जाणीव, म्हणू पाहील; तसे म्हणायचे तर एक खुलासा हवा. दोगेनने १२३३ साली लिहिले त्याचा आशय असा : बुद्धमार्ग शिकणे म्हणजे स्वतःला शिकणे, आणि स्वतःला शिकणे म्हणजे स्वतःला विसरणे. म्हणजे आत कुठेतरी लपलेला ‘खरा मी’ शोधून काढण्याचा हा उद्योग नव्हे. बसणे हे साधन आहे, असे म्हणण्याचीही या परंपरेत चोरी. चीनमधली एक जुनी कथा सांगतात. मात्सू ध्यानाला बसला होता. त्याचा गुरू नानयुए शेजारी येऊन कौल घासू लागला. ‘काय करता?’ मात्सूने विचारले. ‘आरसा करतोय.’ ‘कौल घासून आरसा होतो होय?’ ‘मग बसून बुद्ध होतो होय?’

चित्राकडे वळताना ही कथा लक्षात ठेवावी. झेन कलेबद्दल जे उत्साहाने लिहिले जाते, त्यात हा उपहास हटकून गळतो.

साहित्य मोजकेच : काजळी आणि सरस यांची वडी, ती पाण्यात घासायची दगडी दौत, कुंचला, कागद. वडी घासायला वेळ लागतो आणि तो वाया गेलेला वेळ मानत नाहीत. कागद शाई शोषून घेतो, त्यामुळे खाडाखोड नाही. हात थबकला की तिथे डाग पडतो, घाई झाली की रेघ कोरडी पडून फाटते. म्हणूनच काढणाऱ्याचे चित्त त्या क्षणी कसे होते हे रेघेत दिसते, असे मानले गेले. ‘क्षणार्धात, आपसूक’ हे वर्णन मात्र जपून घ्यावे. हाकुइनच्या काही चित्रांत आधी पुसटशा रेघांनी केलेली आखणी अजून दिसते. गंमत म्हणजे नंतरच्या ठसठशीत रेघांनी ती पाळलेली नसते.

मठांतली शाईचित्रे त्याआधीही होती. जोसेत्सु या भिक्षूने सुमारे १४१५ मध्ये शोगुन (लष्करी सत्ताधीश) आशिकागा योशिमोचीच्या आज्ञेवरून भोपळ्याने मासा पकडू पाहणारा माणूस रंगवला. गुळगुळीत भोपळा, त्याहून बुळबुळीत मासा. चित्रावर ३१ भिक्षूंनी आपापली कविता लिहिली. हे चित्र क्योतोच्या म्योशिनजी मठातील ताइझोइन या उपमंदिराचे आहे. सेश्शू (१४२०–१५०६) चीनला जाऊन आलेला आणि असामान्य ताकदीचा चित्रकार. पण ही दरबारी आश्रयाची, कसबाची कला होती. झेनगा तिची गरीब आणि वात्रट नातवंडे म्हणता येतील.

त्यांतला सर्वांत मोठा हाकुइन एकाकु (१६८६–१७६९). फुजी पर्वताच्या पायथ्याजवळच्या हारा गावचा. लहानपणी नरकाचे वर्णन ऐकून इतका घाबरला की न्हाणीघराखालच्या जाळाचा आवाज त्याला सोसेना. तरुणपणी अक्षर वळणदार करण्याचा त्याने ध्यास घेतला होता. विशीत एका मठात त्याने एका गुरूचे हस्ताक्षर पाहिले. त्यात कारागिरी फारशी नव्हती, पण लोक ते जिवापाड जपत होते. माणूस मोठा म्हणून अक्षर मोठे, हे त्याला उमगले आणि त्याने स्वतःचे सगळे लेखन-चित्रण जाळून टाकले. नंतर अतिध्यानाने आजारीही पडला. त्या ‘झेन-व्याधी’वरचे उपाय त्याने लिहून ठेवले आहेत. हालचालीत साधलेले ध्यान स्वस्थ बसून केलेल्या ध्यानाहून कैक पटींनी श्रेष्ठ, असे तो सांगे. एका हाताच्या टाळीचा आवाज कसा असतो, हा प्रसिद्ध कोआन त्याचाच.

म्हातारपणी मात्र त्याने हजारो चित्रे काढली. ओइता येथील मांजुजी मठातला त्याचा दारुमा सुमारे दोन मीटर उंच आहे. लाल वस्त्र, काळी पार्श्वभूमी, वर रोखलेले बटबटीत डोळे. ‘काय ध्यान आहे!’ असे मराठीत ज्याला म्हणतात ते हेच, आणि इथे तो शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो. चित्रावरची ओळ सांगते : थेट मनाकडे बोट दाखव, स्वभाव पाहा, बुद्ध हो. ओंडक्याच्या पुलावरून चाचपडत जाणारे आंधळे, पाण्यातला चंद्र धरू पाहणारे माकड, बाजारातली ओताफुकु नावाची गुबगुबीत गालांची बाई हेही त्याचे विषय. सुरुगा प्रांतात त्याच्या पात्रतेपलीकडच्या दोन गोष्टी आहेत, फुजी पर्वत आणि हाराचा हाकुइन, अशी म्हणच पडली.

एका दमात काढलेले वर्तुळ, ‘एन्सो’, हे आज झेनचे चिन्हच होऊन बसले आहे. बाराव्या शतकातील चिनी गुरू कुओआनच्या बैल शोधणाऱ्या गुराख्याच्या दहा चित्रांत आठवे चित्र म्हणजे नुसते रिकामे वर्तुळ : बैलही नाही, गुराखीही नाही. पण मालिका तिथे थांबत नाही. दहाव्या चित्रात तो बाजारात परततो. एन्सोचे गोडवे गाणारे या उरलेल्या दोन चित्रांकडे सहसा पोचत नाहीत.

विसाव्या शतकात दाइसेत्सु सुझुकी या जपानी लेखकाच्या लेखनातून झेन आणि कला ही जोडी जगभर पोचली. जर्मन प्राध्यापक ओइगेन हेरिगेल याने धनुर्विद्येला झेनचा साज चढवला. त्याचा गुरू आवा केन्झो याने मात्र झेनची रीतसर साधना केलेली नव्हती, असे जपानी संशोधकांनी पुढे दाखवून दिले. पुण्यात रजनीशांची १९८८–८९ मधली अखेरची प्रवचने झेनवरचीच. मराठी मुलखात हा शब्द ओळखीचा होण्यात त्यांचा वाटा आहे.

सेन्गाइ गिबोन (१७५०–१८३७) हाकाता येथील शोफुकुजीचा मठाधिपती. त्याने एन्सो काढून वर लिहिले, ‘हे खा आणि चहा घे’. म्हणजे वर्तुळाचे वडीसारखे खाद्य झाले. बसलेला बेडूक काढून लिहिले, बसून माणूस बुद्ध होत असेल तर... वाक्य तिथेच सोडले. बेडूक जन्मभर बसलेलाच असतो. चित्र मागायला येणाऱ्यांनी त्याला भंडावले, तेव्हा त्याने कविता केली : माझी झोपडी म्हणजे शौचकूप आहे की काय, जो येतो तो कागद ठेवून जातो! ऐंशी ओलांडल्यावर ‘आता कुंचला बंद’ असा शिलालेखच उभारला आणि चित्रे काढणे चालूच ठेवले.

त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह तेलउद्योजक इदेमित्सु साझो याने केला. तरुणपणी त्याने घेतलेले पहिले चित्र सेन्गाइचे होते : होतेइ नावाचा पोटल्या, हसरा भिक्षू आणि एक मूल, हात वर आकाशाकडे. चंद्र काढलेलाच नाही. बाजूला लिहिली आहे ती सूत्रातली ओळ नव्हे, मुलांच्या चांदोबाच्या गाण्यातली.