ते ३८ बघे

अपघात झाला, बघ्यांची गर्दी जमली, व्हिडिओ निघाले आणि मदतीला कोणीच गेलं नाही, असं काही वाचलं की खाली कोणीतरी 'बायस्टँडर इफेक्ट' (बघे जितके जास्त, तितकी एकेकाने मदतीला जायची शक्यता कमी) टाकतोच आणि पाठोपाठ किटी जेनोव्हीजची गोष्ट येते. गोष्ट भारी आहे, पण बरीचशी फुगवलेली आहे, म्हणून जरा मागे जाऊन बघू.

१३ मार्च १९६४, न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग. २८ वर्षांची किटी बारमधलं काम आटपून पहाटे तीनच्या सुमारास घरी आली आणि घराजवळच विन्स्टन मोझलीने तिला भोसकलं. एका शेजाऱ्याने खिडकीतून हटकल्यावर तो पळाला, पण थोड्या वेळाने परत आला आणि यात तिचा जीव गेला. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापलं की ३८ सभ्य नागरिक अर्ध्या तासाहून जास्त वेळ नुसते बघत होते. हा ३८ आकडा पोलीस कमिशनरने टाइम्सच्या रोझेन्थाल नावाच्या संपादकाला जेवताना सांगितलेला! मग काय, शहरातली माणसं कशी दगड झालीत यावर जो तो बोलायला लागला.

जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोघा मानसशास्त्रज्ञांना मात्र वेगळीच शंका आली, की ३८ जण असूनही कोणी गेलं नाही असं नसेल, ३८ जण होते म्हणूनच कोणी गेलं नसेल.

१९६८ मध्ये छापलेल्या त्यांच्या प्रयोगात कॉलेजची पोरं वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर गप्पा मारायची, आणि मध्येच त्यातल्या एकाला फिट यायची, म्हणजे तो आवाज टेप केलेला होता पण पोरांना ते माहीत नव्हतं. हे ऐकणारा आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटलं त्यातले ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीला उठले, आणि आपल्यासारखे अजून चौघं ऐकतायत असं वाटलं तिथे फक्त ३१ टक्के. बादशहाच्या हौदात सगळ्यांनी दुधाऐवजी पाणी ओतलं, तसलाच प्रकार. पण मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते, जे उठले नाहीत ते निवांत नव्हते, त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम होता, जावं की नको यातच अडकले होते बिचारे.

दुसऱ्या प्रयोगात फॉर्म भरत बसलेल्यांच्या खोलीत धूर सोडला. एकट्या माणसांपैकी ७५ टक्क्यांनी बाहेर जाऊन सांगितलं, पण शेजारी दोन जण मुद्दाम थंड बसवले तर जेमतेम १० टक्के. बाकीचे डोळे चोळत फॉर्म भरत बसले.

आणि ते ३८? २००७ मध्ये तीन संशोधकांनी कोर्टाची कागदपत्रं वगैरे तपासली तर ३८ जण बघत बसल्याचा पुरावाच नाही. दुसरा हल्ला तर इमारतीच्या आत, जिन्यापाशी झालेला, तो रस्त्यापलीकडून दिसणारच नव्हता. सोफिया फरार ही शेजारीण धावत खाली गेली होती, किटीला तिने शेवटी कुशीत धरलं होतं, आणि ही बाईच मूळ बातमीत नाही. टाइम्सनेही २०१६ मध्ये ती बातमी सदोष होती हे मान्य केलं.

२०१९ मध्ये अजून एक अभ्यास आला, ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनच्या सीसीटीव्हीतल्या २१९ खऱ्या भांडणांचा. दहापैकी नऊ वेळा कोणीतरी मध्ये पडलंच होतं, आणि गर्दी जितकी जास्त तितकी कोणीतरी पडायची शक्यताही जास्त. डार्ली-लाताने यामुळे खोटे ठरत नाहीत हं, ते एकेका माणसाचं मोजत होते, इथे अख्ख्या गर्दीचं मोजलंय.