आभासी कण

आभासी कण, म्हणजेच व्हर्च्युअल पार्टिकल : क्वांटम फील्ड थिअरीत (कणांना क्षेत्रांची स्पंदनं मानणाऱ्या सिद्धांतात) कणांमधली आंतरक्रिया मोजताना गणिताच्या मधल्या टप्प्यात येणारा कण. फाइनमन आकृतीत (कणांची आंतरक्रिया रेघांनी दाखवणाऱ्या चित्रात) दोन्ही टोकं आतच जोडलेली जी रेघ असते, ती याची. खऱ्या कणाला ऊर्जा, संवेग आणि वस्तुमान यांचं ठरलेलं समीकरण पाळावं लागतं, याला नाही. ‘ऊर्जा उसनी घेऊन परत करतो’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं पण ते चूक आहे, आकृतीच्या प्रत्येक सांध्यावर ऊर्जा आणि संवेग दोन्ही जपले जातात, मोडतं ते फक्त वस्तुमानाचं नातं.

‘आभासी’ हे विशेषण बोर, क्रेमर्स आणि स्लेटर यांच्या १९२४ च्या लेखात दोलकांसाठी येतं, मात्र तिथला अर्थ वेगळा, त्यामुळे उगम तिथे धरणं जरा ओढून ताणूनच होईल. आजचा अर्थ फाइनमन आणि डायसन यांच्या १९४९ च्या लेखांनंतर पक्का झाला असावा.

हे कण खरे का, या वादात कॅसिमिर परिणाम हमखास पुरावा म्हणून येतो, कारण त्यातली ओढ निर्वातातले आभासी कण लावतात असं सांगितलं जातं. १९४८ मध्ये हेंड्रिक कॅसिमिर यांनी दाखवलं की निर्वातात समोरासमोर ठेवलेल्या, विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या प्लेटा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि अंतर निम्मं केलं की ओढ १६ पट होते (१ मायक्रॉनवर दाब जेमतेम ०.००१३ पास्कल). १९९७ मध्ये लॅमोरो यांनी प्लेट आणि गोलाकार भिंग वापरून ही ओढ नीट मोजली. पण मोजली गेली ती ओढ, कण नव्हेत. रॉबर्ट जॅफी यांनी २००५ मध्ये मांडलं की हेच बल प्लेटांमधल्या विद्युतभारांच्या आणि प्रवाहांच्या आंतरक्रियेतून, शून्यबिंदू ऊर्जेचं (रिकाम्या निर्वातातही उरणाऱ्या ऊर्जेचं) नावही न घेता काढता येतं. कॅसिमिरच्या सूत्रात विद्युतभार दिसत नाही तो आदर्श धातू गृहीत धरल्यामुळे, आणि विद्युतचुंबकीय जोडणी शून्यावर नेली की बलही शून्य होतं. हा युक्तिवाद जास्त भक्कम वाटतो. शिवाय लॅटिस पद्धतीने (अवकाश-काळाची जाळी करून संगणकावर) प्रोटॉनचं वस्तुमान काढताना असल्या रेघा लागतच नाहीत.

कृष्णविवर किरणं कशी सोडतं हे सांगताना दाखवलं जाणारं, त्याच्या कडेला फुटणाऱ्या आभासी कणजोडीचं चित्रही शब्दशः घेऊ नये, असं खुद्द हॉकिंग यांनी १९७५ च्या लेखात बजावलंय.

तरी खऱ्या आणि आभासी कणांमधली सीमारेषा स्वच्छ नाहीये. झेड बोसॉनचं (क्षीण बल वाहणाऱ्या कणाचं) वस्तुमान ९१.२ जीईव्ही (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक), पण तो इतक्या लवकर फुटतो की त्या आकड्याला सुमारे २.५ जीईव्हीची रुंदी येते, आणि सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या एलईपी या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींतून नोंदलेला प्रत्येक झेड काटेकोर बघितलं तर आकृतीतली आतलीच रेघ होता.