नवतप्यातला स्लॅब

खेड्यात घराचा नकाशा बहुतेक वेळा कागदावर निघतच नाही. मालक आणि मिस्त्री प्लॉटवर उभे राहतात, चुन्याच्या रेघा ओढतात आणि खिडकी कुठे, छज्जा केवढा, स्लॅब किती इंची, सगळं तिथेच ठरतं. त्यामुळे विदर्भात घर थंड कसं राहील हे इंजिनिअरच्या आधी मिस्त्रीला कळायला हवं. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे आणि ते प्रत्यक्ष घरकुल बांधता बांधताच होतं. ओळंबा, दोरी, सळईची बांधणी शिकवता शिकवता उष्णतेचे धडे देण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

सुरुवात सूर्यापासून करावी. नागपूर साधारण २१ अक्षांशावर आहे. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागतो आणि त्याच दिवसांत भरदुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच गोळा होते. म्हणजे त्या वेळी भिंतींवर ऊन जवळपास नसतंच, सगळा मारा छतावर.

२५ चौरस मीटरचं घरकुल घ्या, योजनेतलं किमान क्षेत्रफळ तेवढंच आहे. पाच इंची उघड्या स्लॅबमधून दर चौरस मीटरला, आतबाहेरच्या दर अंश फरकामागे साधारण साडेतीन वॅट उष्णता आत उतरते. बाहेर हवा ४४ अंश असली, तरी ऊन खाणाऱ्या काळपट सिमेंटसाठी हिशेबात ६५ धरावे लागतात. आत ३८ धरा. गुणाकार दोन हजार वॅटच्या वर जातो. हिशेब ढोबळ आहे, पण भर मे महिन्यात घरात एक किलोवॅटचे दोन हीटर लावून बसल्यासारखंच हे झालं. शिवाय ही उष्णता स्लॅबमधून खाली पोचायला दोन-तीन तास लागतात. ऊन उतरलं तरी स्लॅब तापलेलाच असतो, पंखा तीच धग खाली ढकलतो आणि बाज अंगणात काढावी लागते.

हे फळ्यावर सांगून पटत नाही. तयार स्लॅबच्या अर्ध्या भागाला चुना मारावा, अर्धा तसाच ठेवावा आणि दुपारी तीनला खालून-वरून तापमान मोजावं. कपाळाचा ताप पाहायची गन इथे चालत नाही, तिची मर्यादा चाळिशीच्या थोडी पुढेच संपते. कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड गन लागते. तीही चकचकीत टिनावर फसते आणि टिन आहे त्याहून थंड दाखवते. टिनाला वायरमनची काळी टेप चिकटवून थोडा वेळ थांबावं आणि नेम त्या टेपवर धरावा.

चुना हा सगळ्यांत स्वस्त उपाय. आदल्या रात्री भिजवावा, कापडातून गाळावा, डिंक घालून ताकाइतका पातळ करावा. स्लॅब झाडून, ओला करून पहिला हात उभा आणि दुसरा आडवा द्यावा. पावसात तो धुऊन जातो, पण तेव्हा त्याची गरजही नसते. धुळीने पांढरेपणा मरतो, म्हणून दर फाल्गुनात नवा हात. ज्याला दरवर्षी शिडी चढायची नाही, त्याने पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करावा.

पैसे असतील तर स्लॅबवर एक इंच दाट थर्माकोल. त्याने साडेतीनचा आकडा एकच्या आसपास येतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. ती मोठ्या गृहप्रकल्पांसाठी आहे, घरकुलावर बंधनकारक नाही, पण तुलनेला कामाची. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल मात्र पायाखाली दबतो, तो नको. आधी उतार आणि वॉटरप्रूफिंग, मग तुकडे एकमेकांना खेटून, वर कोंबडीजाळी आणि दीड-दोन इंच काँक्रीट. चूक हमखास होते ती मुंडेरीच्या, म्हणजे छताच्या कठड्याच्या, सांध्यात. तिथे मसाल्याची गोलाई दिली नाही तर पाणी आत शिरतं आणि कोरडी हवा धरून ठेवणारा थर ओला होऊन निकामी होतो. कुंभाराची पालथी मडकी मांडून केलेल्या थराचंही तेच. जुन्या कवेलूच्या (कौलांच्या) घरात ही कटकट नव्हती, पण वानरांनी कवेलू टिकू दिले नाहीत आणि लोक टिनाकडे वळले.

पश्चिमेची भिंत हा दुसरा शत्रू. मे अखेरीस दुपारी चारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून ३४ अंशांवर असतो, त्यामुळे दीड फुटी छज्जाची सावली खिडकीवर जेमतेम फूटभर पडते. म्हणून पश्चिमेला खिडकीच टाळावी, तिकडे संडास-मोरी किंवा कोठीची खोली घ्यावी आणि अंगणात कडुनिंब लावावा.

भिंतीसाठी रॅट-ट्रॅप बाँड शिकवण्यासारखा आहे. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात तो रुळवला. ९×४×३ इंची विटा कडेवर उभ्या लावल्या की नऊ इंची भिंतीत तीन इंची पोकळी राहते आणि विटा जवळपास पावपट वाचतात. चौथरा, खिडकीचा तळ, लिंटल (दार-खिडकीवरचा आडवा पट्टा) आणि स्लॅबखालचा थर भरीवच हवा, चौकटीच्या बाजूही. मसाला लावताना पोकळीवर लाकडी पट्टी ठेवावी, नाहीतर तो आत पडून दोन्ही पदर जोडतो आणि उष्णतेला पूल मिळतो. वायरिंगचे पाइप बांधतानाच पोकळीत सोडावेत, नंतर छिन्नी चालवली की वीट आत ढासळते. गावभट्टीची वीट वेडीवाकडी असते, या बांधणीत ती त्रास देते. औष्णिक केंद्राच्या राखेची वीट मापात असते, म्हणून इथे सोयीची. ती ‘थंड’ असते असं मात्र कोणी सांगितलं तर मानू नये, उष्णता ती लाल विटेइतकीच वाहते.

शेवटी कूलर. विदर्भातली मे महिन्याची कोरडी हवा त्याला फळते, पण ओली झालेली हवा बाहेर गेली पाहिजे. घर बंद करून कूलर लावला की तासाभरात अंग चिकट होतं आणि दोष पंप किंवा वाळ्याच्या माथी जातो. खिडक्या ठरवतानाच कूलरची जागा उत्तरेला किंवा पूर्वेला सावलीत ठेवावी आणि समोरच्या भिंतीत निदान कूलरच्या तोंडाएवढी जाळी लावलेली खिडकी. कूलर चालू करून त्या खिडकीशी उदबत्ती धरायची. धूर सरळ बाहेर ओढला गेला तर काम झालं, तिथेच घुटमळला तर आणखी एक झरोका लागेल.