जुन्या शिडाच्या बोटीचं अस्तर : पट्टीपासून सनमायक्यापर्यंत

तीस-चाळीस वर्षांच्या फायबरच्या बोटीत केबिनचं पॅनेल उचकटलं की मागे काळा पडलेला प्लाय आणि हाताला चिकटणारा पिवळा भुगा निघतो. दोष बहुधा सुताराचा नसतो. अस्तर कशासाठी, ही समजूतच मधल्या काळात बदलली.

लाकडी जहाजात फासळ्यांवर आतून मारलेल्या पट्ट्यांना इंग्रजीत 'सीलिंग' म्हणतात. छताशी त्याचा संबंध नाही. दोन पट्ट्यांत बोटभर फट ठेवत. माल ओल्या कवचाला टेकू नये आणि मागे वारा खेळावा, एवढंच या अस्तराचं काम. अमेरिकी जहाजांत तर फासळ्यांमधल्या पोकळीत जाडं मीठ भरत, कारण लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यावर पोसते, खाऱ्यावर नाही. आपल्याकडे सागवानाचं तेलच पुष्कळसं निभावून नेई. दमणला 1843 मध्ये पाण्यात उतरवलेलं सागवानी 'दों फर्नांदो दुसरा ए ग्लोरिया' हे जहाज 1963 च्या आगीत होरपळूनही पुन्हा उभं केलं गेलं आणि आज पोर्तुगालमध्ये संग्रहालय म्हणून पाहायला मिळतं.

फायबरनं हे गणित मोडलं. 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या बोट-प्रदर्शनात 28 फुटी 'ट्रायटन' आली आणि फायबरच्या शिडाच्या बोटी साच्यातून धडाधड निघू लागल्या. कवच आतून खरखरीत, थंडीत घाम येणारं, डेकचे नट-बोल्ट उघडे. ते झाकायला बाजूंना लाकडी छापाच्या सनमायक्याचा प्लाय आणि वर फोमचं व्हिनाइल थेट चिकटवलं. काम झटपट झालं, पण वारा थांबला आणि नटांपर्यंत हात पोचेना.

गोव्यात दोन्ही चुका लवकर वसूल होतात. उष्णता आणि दमटपणा मिळून पॉलियुरेथेन फोमचा भुगा करतात, व्हिनाइल झोळीसारखं लोंबतं. शिवाय वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, म्हणजे बुरशीला हवं तेच गोडं पाणी. ते चेनप्लेटपाशी, म्हणजे डोलकाठीचा ताण झेलणाऱ्या पट्टीपाशी, डेकमधून उतरतं आणि डाग हातभर पुढे दाखवतं. म्हणून आधी चेनप्लेट आणि डेकवरचे बोल्ट काढून ब्यूटिलमध्ये, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट रबरी लुकणात, पुन्हा बसवायचे. ते न करता पॅनेल बदललं तर पुढच्या पावसाळ्यात तेच चित्र.

जुनं पॅनेल तुटकं असलं तरी फेकू नये, तोच नव्याचा साचा. मेस्त, म्हणजे सुतार, सवयीनं घरकामाचा आयएस 303 प्लाय आणतो. इथे आयएस 710 मरीन प्लायच लागतो, बाजूंना 6 मिलिमीटर, बाकदार छताला 4. पॅनेल कवचाला चिकटवायचं नाही. कवच 80 नंबरच्या कागदानं घासून, अ‍ॅसिटोननं पुसून 20 मिलिमीटर जाडीच्या सागवानी पट्ट्या इपॉक्सीनं, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या चिकट राळेनं, बसवायच्या; सागवानही आधी अ‍ॅसिटोननं पुसायचं, नाहीतर त्याचं तेल चिकट धरू देत नाही. पट्टीत वर-खाली फटी ठेवायच्या, वारा त्यातूनच फिरतो.

प्लाय मरतो तो कडेनं. प्रत्येक कडेला इपॉक्सीचे तीन हात, मागच्या बाजूला दोन. स्क्रूचं भोक मोठं पाडून घट्ट इपॉक्सीनं भरायचं आणि मग त्यात बारीक भोक पाडायचं. दिवाडी बेटावर बांधलेल्या आणि 2009 मध्ये नौदलात आलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीच्या कवचात लाकूडच आहे, पण ते फायबर आणि इपॉक्सीत पुरतं बंद केलेलं. पावसाच्या दिवसांत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्यानं आणि घासणीनं धुतल्याशिवाय पुढचा हात मारला तर पापुद्रे सुटतात.

स्क्रू 316 स्टेनलेसचे. जुने पितळी स्क्रू गुलाबी पडलेले असतील तर त्यांतलं जस्त गेलेलं असतं आणि पिळताच डोकं तुटतं. स्क्रूची डोकी झाकणारे सागवानी बूच व्हार्निशात बसवावेत. इपॉक्सीत बसवले तर पुढच्या वेळी स्क्रू काढायला पॅनेलच फोडावं लागतं.