मागणी थांबते तेव्हा

निवृत्ती तब्येतीला मानवते की बाधते, असं विचारलं तर संशोधनातून दोन उलटी उत्तरं मिळतात. गंमत म्हणजे दोन्ही खरी आहेत.

पहिलं उत्तर फ्रान्समधलं. तिथल्या सरकारी वीज आणि गॅस कंपनीच्या हजारो कर्मचाऱ्यांच्या तब्येतीची विचारपूस संशोधकांनी निवृत्तीच्या सात वर्षं आधीपासून ते सात वर्षं नंतरपर्यंत दरवर्षी केली. झोप नीट लागत नाही, अशी तक्रार निवृत्तीच्या आदल्या वर्षी सुमारे २४ टक्के लोक करत होते. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी हा आकडा १८ टक्क्यांवर आला. थकवा उतरला, उदासी कमी झाली. ज्यांचं काम सगळ्यांत जाचक होतं, त्यांना फरकही जास्त जाणवला. मधुमेह, हृदयविकार, श्वसनाचे आजार यांना मात्र निवृत्तीचा पत्ताच नव्हता. ते वयाप्रमाणे वाढायचे तसे वाढत राहिले.

दुसरं उत्तर लंडनमधलं. तिथल्या सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल-२’ हा अभ्यास १९८५ पासून चालू आहे. त्यात स्मरणशक्तीची एक साधी चाचणी असते. दर दोन सेकंदांना एक, असे २० सोपे शब्द तुम्हाला ऐकवले जातात. मग कागद पुढे येतो आणि दोन मिनिटांत आठवतील तेवढे लिहायचे. वीसच्या वीस सहसा कुणालाच आठवत नाहीत. पहिले काही आणि शेवटचे काही चटकन येतात, मधले हरवतात. हीच चाचणी त्याच माणसांनी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा दिली. सुमारे ३४०० जणांच्या नोंदी, निवृत्तीआधीची १४ वर्षं आणि नंतरची १४ वर्षं अशा, २०१८ मध्ये एकत्र मांडल्या गेल्या. वयामुळे होणारी घट हिशोबात धरूनही, शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता निवृत्तीनंतर ३८ टक्के जास्त वेगाने घसरताना दिसली. तर्क लढवण्यासारख्या बाकीच्या क्षमतांवर असा काही परिणाम नव्हता.

त्यातला एक तपशील मला आकड्यापेक्षाही बोलका वाटतो. नोकरीत असेपर्यंत वरच्या हुद्द्यावरच्या लोकांची ही स्मृती खालच्या हुद्द्यावरच्यांपेक्षा सावकाश घटत होती. निवृत्तीनंतर हा फायदा उरला नाही. हुद्दा सुटला तसं त्याच्याबरोबरचं संरक्षणही सुटलं.

इथे कुणीही शंका काढेल की ज्यांचं डोकं आधीच मंदावलं असेल, तेच लवकर निवृत्त होत असतील. मग दोष निवृत्तीचा कसा? शंका रास्त आहे, आणि या क्षेत्रातले कितीतरी जुने अभ्यास तिच्यापाशीच अडतात. सुझान रोहवेडर आणि रॉबर्ट विलिस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये यातून एक वाट काढली. त्यांनी माणसांऐवजी देशांचे नियम पाहिले. काही देशांत साठीच्या आतच पेन्शन मिळते, काही देशांत पासष्टीपर्यंत थांबावं लागतं. आपल्या देशाचा नियम कुणी आपल्या स्मरणशक्तीकडे बघून ठरवलेला नसतो. त्यामुळे नियमातल्या फरकामुळे जो परिणाम दिसेल, तो निवृत्तीच्या खात्यावर टाकायला हरकत नाही. त्यांना साठीच्या सुरुवातीच्या लोकांत लवकर निवृत्ती आणि कमकुवत स्मृती यांचं नातं आढळलं.

(जाता जाता: या वयांचा शरीरशास्त्राशी फारसा संबंध नाही. बिस्मार्कच्या जर्मनीने १८८९ मध्ये वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा केला, तेव्हा वय ७० धरलं होतं. ते १९१६ मध्ये ६५ झालं. पासष्टाव्या वाढदिवशी पेशींना कसलीही नोटीस जात नाही.)

आता ही दोन उत्तरं एकमेकांशेजारी ठेवू. नोकरी दोन गोष्टी करत असते. ती आपल्याला पिळते, आणि त्याच वेळी आपल्याकडून काहीतरी सतत मागत असते. नावं लक्षात ठेव, कालच्या बैठकीत काय ठरलं ते आठव, नवीन साहेबाची पद्धत समजून घे, अमुक वाजता अमुक ठिकाणी हजर राहा. निवृत्तीच्या दिवशी पिळणं थांबतं म्हणून झोप सुधारते. मागणंही थांबतं, आणि त्याची किंमत वसूल व्हायला काही वर्षं जातात. शरीर हा भलताच चिक्कू कारभारी आहे. जे लागत नाही त्याच्या देखभालीवर तो दमडीही खर्च करत नाही.

स्नायूंत तर हे फारच लवकर दिसतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांची १२ निरोगी माणसं दहा दिवस अंथरुणावर पडून राहिली. आजार नाही, ऑपरेशन नाही, नुसती विश्रांती. दहा दिवसांत त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला.

याची दुसरी बाजू १९९० मध्ये अमेरिकेत मारिया फिआटारोने या डॉक्टरांनी दाखवली होती. त्यांनी वृद्धाश्रमातली नव्वदीच्या घरातली दहा माणसं निवडली. हातात काठी, खुर्चीतून उठताना आधार, अशी ही माणसं. ‘या वयात जपून’ हा सल्ला बाजूला ठेवून त्यांनी या लोकांना वजनं उचलायला लावली. खुर्चीत बसून, पायाला वजन लावून, गुडघा सरळ करायचा. आठ वेळा, असे तीन फेरे, आठवड्यातून तीन दिवस. वजनही नाममात्र नव्हतं; पहिल्या आठवड्यानंतर ते प्रत्येकाला एका दमात जास्तीत जास्त जेवढं उचलता येई, त्याच्या ८० टक्के इतकं ठेवलं होतं. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. त्यांच्या पायातली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. मग व्यायाम बंद केला, तर चारच आठवड्यांत सुमारे एक तृतीयांश ताकद ओसरली. मागणी आली तसं दुकान उघडलं, गेली तसं मिटलं, आणि तेही नव्वदीत!

चालणं चांगलंच आहे. ते हृदयाला आणि मेंदूलाही मानवतं. पण पायांना फक्त सवयीचंच ओझं मिळत राहिलं, तर ताकद वाढायला कारणच उरत नाही. निवृत्त माणसाला ‘रोज फिरायला जा’ असं शंभर जण सांगतात. वजन उचला असं सांगणारा विरळाच. गुडघेदुखी, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून आणि जाणकाराच्या देखरेखीखाली सुरुवात करावी, हे ओघानं आलंच.

मेंदूच्या बाबतीत ‘मागणी’ म्हणजे काय, यावर मात्र बराच गोंधळ आहे. पेपरातलं शब्दकोडं रोज सोडवतो म्हणून डोकं तल्लख राहील, असं पुष्कळांना वाटतं. तीस वर्षं कोडी सोडवणाऱ्याला कोडं ही विश्रांती असते. मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क यांनी टेक्सासमध्ये ६० ते ९० वयाच्या दोनशेवर लोकांचे गट पाडले. एका गटाला डिजिटल फोटोग्राफी शिकवली, म्हणजे कॅमेराही आणि संगणकावर फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअरही. दुसरा गट कापडाचे तुकडे जोडून गोधड्या शिवायला शिकला, तिसऱ्याने दोन्ही शिकलं. आठवड्याला सुमारे १५ तास, तीन महिने. तुलनेसाठी एक गट नुसता भेटून गप्पा, सहली, खेळ यांत रमला. आणखी एक घरी बसून संगीत ऐकणं, सोपी शब्दकोडी असे हलके उद्योग करत होता. तीन महिन्यांनी स्मृती सुधारली ती शिकणाऱ्यांची, आणि सर्वांत ठळकपणे फोटोग्राफी शिकणाऱ्यांची. ज्यांनी आयुष्यात माउस फारसा हाताळला नव्हता, त्यांना सॉफ्टवेअरचे मेनू लक्षात ठेवताना घाम फुटत असणार. तो घाम हाच या प्रयोगातला औषधी भाग असावा, असं मला वाटतं. सहलीच्या गटाचा वेळ आनंदात गेला, पण त्यांच्या स्मृतीला तेवढं काम पडलं नाही.

म्हणून निवृत्तीनंतर काय करावं, याचा माझा निकष साधा आहे: पहिले दोन महिने आपण त्यात ढ ठरलो पाहिजे. जन्मभर हिशोब पाहिलेल्या माणसाने सोसायटीचे हिशोब घेण्यापेक्षा तबला शिकावा. नवी भाषा, पोहणं, सुतारकाम, काहीही चालेल.

माणसांच्या सहवासाची गोष्ट जरा वेगळी आहे. १४८ अभ्यास आणि तीन लाखांवर माणसं यांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१०) असं दिसलं, की ज्यांची नाती भक्कम, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त. यावरून ‘खूप नवे मित्र करा’ असा सल्ला निघतो, पण तो पुरता बरोबर नाही. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसन यांच्या संशोधनानुसार वय वाढतं तसं माणूस आपण होऊन गोतावळा आटोपशीर करतो, जवळच्यांना जास्त वेळ देतो आणि त्यात समाधानी असतो. फोन कमी वाजायला लागला म्हणून लगेच काळजी करायचं कारण नाही.

आपली कुणाला गरज आहे का, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. बाल्टिमोरमध्ये ‘एक्स्पीरियन्स कोअर’ नावाच्या उपक्रमात ज्येष्ठ नागरिक आठवड्याला १५ तास प्राथमिक शाळेत जाऊन मुलांना वाचायला शिकवत. दोन वर्षांनी मेंदूची छायाचित्रं काढली, तेव्हा त्यातल्या पुरुषांच्या मेंदूचं आकारमान थोडं वाढलेलं आढळलं. न जाणाऱ्यांचं घटलं होतं. स्त्रियांत फरक इतका स्पष्ट नव्हता. सोमवारी आपण गेलो नाही तर एक पोर वाट बघत बसेल, ही जाणीव माणसाला घराबाहेर काढते. मग चालणं, बोलणं, नावं लक्षात ठेवणं, भांडणं सोडवणं हे सगळं पाठोपाठ येतं.

या सगळ्याच्या आड एक गोष्ट गुपचूप येते, ती म्हणजे कान. ऐकू कमी आलं की माणूस आधी घोळक्यात गप्प बसतो आणि मग घोळका टाळतो. घरच्यांना वाटतं, स्वभाव बदलला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली आहेत, त्यांत कमी ऐकू येणं आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवरच्या चाचणीचे निकाल आले. श्रवणयंत्रामुळे सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. पण ज्यांना धोका मुळातच जास्त होता, त्यांच्यात तीन वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. चष्मा लागला तर कुणी लपवत नाही, श्रवणयंत्राला मात्र लोक वर्षानुवर्षं नाही म्हणतात. कानांची तपासणी अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ती नोकरीच्या शेवटच्या वर्षीच उरकून घेतलेली बरी.